टिल्लीचा आवाज

मानसी : माझ्या घशाचं ऑपरेशन कधी झालं, सुबोध?

सुबोध : काय?

मानसी : घशाचं. गाठ होती म्हणे. डॉक्टरांनी मला बोलायलाच बंदी केली होती.

सुबोध : कोण म्हणालं असं?

मानसी : अंधेरीच्या डबिंग स्टुडिओतल्या वसुधा मॅडम. मी आत गेले, नाव सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच. अगं, तू बोलतेस! माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, मला दुसरीच कोणी समजतायत.

सुबोध : तू अंधेरीला गेली होतीस? मला तर म्हणालीस, बोरीवलीतच जाऊन येते, मार्केटमध्ये.

मानसी : खोटं बोलले. इतकी वर्षं कुठूनच उत्तर नाही, म्हटलं स्वतःच जाऊन विचारावं. आता तू बोल.

सुबोध : तू बस आधी. चहा टाकू?

मानसी : टाक तुझ्यापुरता. मला चहा नाही, दही नाही, लोणचं नाही, फ्रिजचं पाणी नाही. तूच ठरवून दिलंयस.

सुबोध : मानसी, हे बघ, तू लगेच रिअ‍ॅक्ट होतेस. थोडा पॉज घे. त्या वेळची सिच्युएशन काय होती ते आठव.

मानसी : मला आठवण्यासारखं काही नाहीच आहे. फोन तुझ्या मोबाइलवर आला होता. "तू फक्त प्रॅक्टिस कर, पाठवण्याबिठवण्याचं माझ्यावर सोड," असं तूच म्हणालेलास. मी सोडलं. त्यांनी माझा आवाज ऐकला, त्यांना आवडला, कार्टूनच्या मेन रोलसाठी बोलावलं. आणि तू त्यांना सांगितलंस की हिचा आवाज गेलाय.

सुबोध : अबोली दीड वर्षाची होती. आईची शुगर खालीवर होत होती. माझ्या कंपनीत रोज कोणाला तरी काढत होते. तू सकाळी उठून अंधेरीला जाऊन बसली असतीस, तर घराची वाट लागली असती.

मानसी : हे मला विचारायचं होतंस ना.

सुबोध : विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.

मानसी : हो. म्हणाले असते.

सुबोध : मग?

मानसी : मग काय मग?

सुबोध : मग विचारून काय उपयोग होता?

मानसी : वा.

सुबोध : आणि सरळ नाही म्हटलं असतं तर त्यांनी परत फोन केला असता. या लोकांचं तसंच असतं. घसा म्हटल्यावर कोणी पुन्हा विचारत नाही.

मानसी : म्हणजे नीट विचार करून सांगितलंस.

सुबोध : मी सगळंच विचार करून करतो.

मानसी : त्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, काही उत्तर आलं का रे. काय म्हणालास, आठवतंय?

सुबोध : नाही.

मानसी : "रिझल्टकडे बघू नकोस, प्रोसेसवर फोकस कर." आणि माझा गजर अर्धा तास अलीकडे आणलास. म्हणालास, कमी पडतोय रियाज. मी ऐकलं. पहाटे उठून, तुमची झोपमोड नको म्हणून बाथरूमचं दार लावून, डोक्यावर चादर घेऊन वाचायचे. सगळा पेपर. श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट.

सुबोध : त्याचा फायदा झाला की नाही? बघ ना, आत्ता तू किती चिडली आहेस, पण तुझा आवाज वर चढत नाहीये. दुसरी बाई असती तर आतापर्यंत सगळा मजला गोळा झाला असता. ही डिसिप्लिन आहे, मानसी. ही तुझ्यात मी आणलीय.

मानसी : अबोली झाली तेव्हापण ओरडले नाही मी. नर्स म्हणाली, ओरडा हो बाई, सगळ्याच ओरडतात. मी म्हटलं, घसा बसेल.

सुबोध : मी सांगतो ना ते माझ्या ट्रेनिंगच्या सेशनमध्ये. लोक अक्षरशः टाळ्या वाजवतात.

मानसी : काय सांगतोस?

सुबोध : चांगलंच सांगतो. छोट्या सवयी, मोठी स्वप्नं, या टॉपिकला मी तुझंच उदाहरण घेतो. माझी बायको रोज पहाटे उठते. एक दिवस चुकत नाही. अजून तिला एकही काम मिळालेलं नाही, तरी ती उठते. हॉलमध्ये एकदम शांतता होते.

मानसी : अजून एकही काम मिळालेलं नाही, तरी.

सुबोध : त्यातच तर ताकद आहे ना त्या गोष्टीची.

मानसी : आणि मी दर सोमवारी नवीन रेकॉर्डिंग करून तुला द्यायचे, ती कुठे गेली? त्यांनी शोधलं आज. पहिल्या मेलनंतर त्यांच्याकडे काहीच नाही.

सुबोध : दुसरीकडे पाठवली असतील.

मानसी : सुबोध.

सुबोध : नाही पाठवली.

मानसी : एकही?

सुबोध : पाठवली असती तर परत कोणाचा तरी फोन आला असता. दर वेळी काय सांगणार होतो मी?

मानसी : पुसून टाकलीस?

सुबोध : नाही गं. पुसेन कशाला? आहेत फोनमध्ये. ऑफिसला जाताना ऐकतो.

मानसी : तू ऐकतोस.

सुबोध : सगळी ऐकलीत. खरं सांगू? उमेद होती तोवर तू छान होतीस. तुझी चिडचिड नाही, कुठे जायचं नाही, काही मागणं नाही. सहापर्यंत रियाज, साडेसहाला आईचा नाश्ता, सातला अबोलीचा डबा. घर घड्याळासारखं चालत होतं. काम मिळालं असतं तर हे सगळं संपलं असतं, आणि काम पण काय, आज आहे, उद्या नाही. मी तुझं स्वप्न नाही मोडलं. मी ते टिकवलं.

मानसी : कोणतं कार्टून होतं, ते नाही विचारलंस मला.

सुबोध : माहितेय मला.

मानसी : मला आज कळलं. टिल्ली. आपल्या घरातली टिल्ली खार. अबोली जिच्याशिवाय घास गिळत नाही. रोज जेवताना मी त्या बाईचा आवाज काढून पोरीला वरणभात भरवते आणि तू समोर बसून हसतोस.

सुबोध : तू काढतेसच तसा मजेशीर.

मानसी : ती मालिका पहिल्यांदा तूच लावून दिलीस अबोलीला. मला चांगलं आठवतंय. तेव्हा ती धड बोलतही नव्हती.

सुबोध : हो.

मानसी : का? जगात दुसरं कार्टून नव्हतं?

सुबोध : मला बघायचं होतं. तुझ्या जागी आलेली बाई कशी करते ते.

मानसी : मग? बघितलंस?

सुबोध : तुझ्याइतकं चांगलं नाही करत.

(रत्नप्रभा, सुबोधची आई, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते.)

रत्नप्रभा : शिरा पडली ती त्या कार्टुनावर. काय चाललाहा तुमचा?

मानसी : आई, यानं माझ्याशी काय केलं, तुम्हाला माहितेय?

रत्नप्रभा : माका म्हायत आसा.

मानसी : काय?

रत्नप्रभा : फोन इलो तेव्हा मी हंयच बसलेलंय गो. भाजी निवडीत. तेणा काय सांगल्यान ता सगळा ऐकलंय.

मानसी : आणि इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी रोज सकाळी तुम्हाला इन्सुलिन टोचते, आई. रोज विचारते, झोप लागली का.

रत्नप्रभा : झोप खयची? तू बाथरूमात वाचूक लागलंस की मी जागीच. पडान ऐकत ऱ्हवंय. बरा वाटायचा. आमच्या गावात कोणी पोथी वाचूक बसला की तसा वाटायचा माका.

मानसी : तरी गप्प राहिलात.

रत्नप्रभा : तू गुणाची आसस. पण झील माझो तो. तुका खरा सांगलंय आसतंय आणि तू घर सोडून गेलंस आसतंस, तर माका कोणी बघलेला? ह्येणा?

सुबोध : आई, तू आत जा बघू.

रत्नप्रभा : जातंय. पण उगाच माझ्या शुगरीवर घालू नको हां तू. माझी शुगर म्हणान नाय केलंस ता तू.

सुबोध : आई!

रत्नप्रभा : आरडतस कित्याक? सांग तिका, तुझो पण आवाज धाडलेलंस म्हणान. आठ दिवस फोन घेवन बसलेलो. संडासात सुद्धा नेय. आणि फोन इलो तो हिच्यासाठी. कॅरममध्ये हरलो की सोंगट्यो उधळून टाकी, तसोच आसा अजून.

सुबोध : काहीही बोलू नकोस.

रत्नप्रभा : बोललंय ता बोललंय. मी खाली जातंय, अबोलीक हाडूक. ता बागेत एकटा आसा.

मानसी : सावकाश उतरा, आई. लिफ्ट बंद आहे.

सुबोध : ती काहीतरी बडबडते. वय झालंय तिचं.

मानसी : मला माहितेय, सुबोध. मेलमध्ये दोन फाइल होत्या.

सुबोध : कॉलेजमध्ये मला एकांकिकांची बक्षिसं होती. आवाजासाठी. तू तेव्हा तिसऱ्या रांगेत बसून ऐकायचीस, आठवतं? डबिंगचं खूळ मूळचं माझं. तुला चार युक्त्या मीच शिकवल्या. मग मी म्हटलं, तुझं पाठवतोच आहे तर माझंही जाऊ दे सोबत. त्यात काय गुन्हा झाला?

मानसी : काहीच नाही. मला सांगितलं असतंस तर मी देवाला दिवा लावला असता तुझ्यासाठी.

सुबोध : त्यांनी फोनवर माझा विषयसुद्धा काढला नाही. "मानसीताई आहेत का?" एवढंच. मी त्यांचा आवाज ऐकत होतो आणि मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाल्या. मग माझ्या तोंडून ते घशाचं निघून गेलं.

मानसी : निघून गेलं. मघाशी म्हणालास, विचार करून सांगितलं.

सुबोध : जाऊ दे ना आता. तू आज गेलीस, भेटलीस. काही काम दिलं का त्यांनी?

मानसी : दिलं. टिल्लीचं.

सुबोध : टिल्लीचं? मग ती बाई?

मानसी : ती नवऱ्यासोबत परदेशात चाललीय. नवीन भागांसाठी आवाज हवा होता. मॅडम म्हणाल्या, पोरांना कळता कामा नये की बाई बदललीय. तिच्यासारखा काढून दाखव. मी काढला. एका दमात. सगळे म्हणाले, हुबेहूब. इतका हुबेहूब कसा काय जमला, विचारत होते.

सुबोध : बघ! मिळालं ना शेवटी! म्हणजे सवय फुकट गेली नाही.

मानसी : माझ्या जागी आलेल्या बाईची नक्कल करायचं काम मिळालंय मला. माझा आवाज त्यांना नकोच आहे आता. तो कसा होता, ते फक्त तुझ्या फोनमध्ये आहे.

सुबोध : असं निगेटिव्ह घेऊ नकोस गं. आणि ऑपरेशनचं काय सांगितलंस त्यांना?

मानसी : झालं होतं म्हटलं. बरी झाले म्हटलं. नवरा खोटारडा आहे, हे पहिल्याच दिवशी कोण सांगतं?

सुबोध : थँक यू, मानसी. खरंच. तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर...

मानसी : तुझी फाइलपण वाजवली त्यांनी.

सुबोध : आज?

मानसी : माझा जुना मेल उघडला होता ना. त्यातच होती. पहिल्या शब्दालाच ओळखला मी तुझा आवाज.

सुबोध : काय म्हणाल्या?

मानसी : शेवटपर्यंत ऐकली. मग पुन्हा लावली. तेव्हा पुरुषाचं काम नव्हतं म्हणे त्यांच्याकडे, म्हणून ऐकायची राहूनच गेली होती. आता आहे. नवीन मालिकेत एक म्हातारं कासव आहे, प्रत्येक भागात. त्या बाजूच्या माणसाला म्हणाल्या, अरे, इतके दिवस आपण शोधतोय तो हाच आवाज.

सुबोध : खरंच असं म्हणाल्या? हाच आवाज?

मानसी : हाच आवाज.

सुबोध : मानसी... अगं मग हे आधी सांगायचं ना! मी उगाच इतका वेळ... कधी बोलावलंय?

मानसी : मला विचारलं, हे गृहस्थ कोण? तुमचे कोणी आहेत का?

सुबोध : मग?

मानसी : मी म्हटलं, नाही. ओळखत नाही.

सुबोध : काय?

मानसी : चुकून जोडली गेली असेल म्हटलं. त्या म्हणाल्या, मग माणूस मिळणार कुठून, आणि काढून टाकली. माझ्यासमोरच.

सुबोध : मी उद्या फोन करतो त्यांना. सांगतो, माझाच आवाज आहे तो.

मानसी : कर ना. मग मी त्यांना माझ्या घशाचं खरं काय ते सांगते. त्यानंतरही त्यांना कासव तूच हवा असशील तर जा खुशाल.

सुबोध : इतकी नीच कधी झालीस तू?

मानसी : हळू बोल. घसा बसेल.

सुबोध : मानसी, प्लीज. मी आयुष्यभर ऑफिसातल्या लोकांना सवयी शिकवत फिरणार आहे का? हे एकच हवं होतं गं मला. एकच.

मानसी : चांगला आहे तुझा आवाज. रोज सकाळी थोडं वाचत जा.