उंदरांचा रक्तदाब

…नाही हो, तुमचा नंबर आलाच, बसा निवांत, आत अजून प्रवचन चाललंय — बायको आहे मी डॉक्टरांची, मला नाही कळणार? आणि फोनवर काय वाचताय हे — विकीवरचं यांच्या चूर्णाचं पान? वाचा, वाचा. ‘रक्तदाब उतरतो.’ आणि वाक्याच्या शेवटी कंसात काय? कुणाचंतरी आडनाव अन् साल. बस्स! आडनाव अन् साल दिसलं की माणूस हात जोडून मोकळा. निळी लिंक आहे ना त्याला, दाबलीत कधी? दाबा की, शॉक नाही बसत. हं — हा त्या संशोधनाचा सारांश, चांगल्या जर्नलातला, खोटं काही नाही. पण पहिल्याच ओळीत काय लिहिलंय? उंदीर. उंदरांचा रक्तदाब उतरला हो! आता तुम्हाला शेपूट असेल तर गोष्ट वेगळी.

ते वाक्य मी खोडते. म्हणजे — आता बोलून गेलेच, तर ऐका — तिथं मी ‘खोडरबर’ या नावानं असते. मी आपला ‘उंदरांमध्ये’ एवढाच शब्द घालते, हे काढतात. मी वाक्यच उडवते, हे परत आणतात. आणि जेवताना म्हणतात, “हा खोडरबर कोण दीडशहाणा आहे, एकदा समोर येऊ दे!” मी म्हणते, अजून वाढू का? — हसू नका, आत ऐकू जाईल.

पण चूर्णाबरोबर गोळी चालू आहे ना तुमची? बंद? कुणी सांगितलं — यांनी? कुठली गोळी? बघू ती पट्टी.

…ही?

अहो, हीच तर सासूबाईंची रक्तदाबाची गोळी. रोज सकाळी हे स्वतःच्या हातानं देतात त्यांना, पेला धरून उभे राहतात, गिळेपर्यंत हलत नाहीत. चूर्णाची चिमूटसुद्धा नाही दिली कधी आईला. आणि मी एकेक शब्द खोडून स्वतःचीच पाठ थोपटतेय, वा!

हो — हो, पाठवते आत! — तुम्ही नाही, बसा — नाही, उठा. हा चूर्णाचा पुडा ठेवा इथंच. कोपऱ्यावर दुसऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जा, गोळी बंद केली होती म्हणून सांगा, लपवू नका. यांना काय सांगायचं ते मी बघते. काय बघताय माझ्याकडे? निघा म्हणते ना!