दादाची चकचकीत सायकल

घंटी शोधतोय हो ताई, बसा जरा—त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते, खोक्यावर बसा. दारात आलात तेव्हाच ओळखली मी सायकल. टायरात हवा नव्हती म्हणून ढकलत आणलीत, बरं केलंत. आणि विकताना दादा काय म्हणाला तुम्हाला? वीस वर्षं जिवापाड जपली! जपली? अहो, आमच्या वडिलांची सायकल ती. डावा पाय अधू त्यांचा, म्हणून सीट एका अंगाला कललेली. उजव्या मुठीवर अंगठ्याचा खड्डा पडलेला. मला ती तश्शीच हवी होती—नुसतं तेलपाणी करून, तश्शीच. पण थोरला पडला ना तो! वडील गेले आणि महिन्याच्या आत सायकल घेऊन माझ्याच दुकानात हजर. म्हणे, हा भंगार अवतार काढ, नवी कोरी दिसली पाहिजे. लहानपणी मी दांडीवर बसायचो, तिथला रंग उडाला होता—तो मला पॉलिश पेपरनं घासायला लावला, स्वतः समोर चहा पीत. माझ्या हातानं हो!

विसरलो नाही मी. का विसरू? ती बघा जुनी मूठ, खिळ्याला टांगलीय—हात नका लावू. तर घासताना दिसलं मला, पुढच्या चिमट्याला, चाक धरतो ना तो, त्याला वर सांध्यापाशी तडा. चांगला नखभर. बोललो? छे! तड्यात लांबी भरली, पुट्टी हो, वरून दोन हात रंग. म्हटलं, मिरव बाबा, पूस रोज फडक्यानं, एक दिवस उतारावर तोंडावर आपटशील तेव्हा कळेल. दर वर्षी रंगाला आणायचा आणि दर वर्षी मी तडा झाकून द्यायचो. बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू. पण हा पठ्ठ्या एकदाही बसला नाही तिच्यावर! नुसतं पुसणं. आणि आता विकून मोकळा!

घाबरू नका, ताई. चिमटा मी बदलून देतो, फुकट. आणि तो तडकलेला त्याच्या दिवाणखान्यात नेऊन आपटतो, सगळ्यांसमोर. आणा सायकल आत.

आणा ना.

लेक? लेक कुठली—तुम्ही एकट्याच आलात ना आत? दारातल्या पंपानं हवा तिनं भरली? मग गेली कुठं?

टाकीच्या उताराकडे?

ताई, उठा. घंटी राहू दे. हाक मारा तिला, नाव काय तिचं—अहो, बघताय काय माझ्याकडे, पळा!