विवेकी ग्राहक आणि आमचा साबण

...आणि वर मलाच विचारतात, तू कॉमर्सची ना, मग तुला एवढंही कळू नये? कळायला हवं होतं, मान्य आहे, पण तुम्हीच सांगा, ज्या पोरीच्या डोक्यात पहिल्या वर्षापासून भरलंय की ग्राहक हा विवेकी असतो, तिला कसं कळणार? तुमच्यात कुणी कॉमर्स केलंय का? केलं असेल तर या माणसाला तुम्ही ओळखता. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात येतो. विवेकी ग्राहक. हा बाजारात जातो, वस्तू उलटीपालटी करून बघतो, किंमत बघतो, उपयोग बघतो, मनातल्या मनात तराजू लावतो आणि नेमकं हवं तेवढंच घेऊन घरी येतो. याला भाऊ नाही, बहीण नाही, पोरं नाहीत, आता यांचं मन कसं मोडायचं असं याला कधी होत नाही. आख्खी पदवी मी याच्या आकृत्या काढण्यात घालवली. कुठे राहतो हो हा माणूस? मला पत्ता द्या, मला त्याला चार शब्द सुनावायचेत.

तुम्हाला सांगते, आमच्या घरात कॉमर्सला मुळात शिक्षण मानतच नाहीत. माझी आतेबहीण सायन्सला. ती अभ्यासाला बसली की आत्याच्या घरात कुकरसुद्धा शिट्टी मारायला बिचकतो. आणि मी? मी अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसले, पेन्सिल कानावर, कपाळाला आठ्या, तरी आई स्वयंपाकघरातून सांगणार, रिकामीच बसलीयस ना, जरा दुधाकडे बघ. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय, ते येईल त्या पाहुण्याला समजावून सांगतात की कॉमर्स म्हणजे बेरीज-वजाबाकी, आणि ती तर हिला चौथीतच येत होती. आत्या भेटली की कोपऱ्यात ओढते आणि कुजबुजत विचारते, कुठला शेअर वर जाणार गं? जसं काही मी रोज सकाळी शिडी लावून त्यांना वर चढवते!

तर अशा घरात मी जेवता जेवता जाहीर केलं, की मला पुढे शिकायचंय, दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर राहून, प्रवेश परीक्षा पास झालेय, फक्त घरचा होकार बाकी आहे. मोठ्या काकांनी घास खाली ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की बाबांचं नळ-पाइपांचं दुकान आहे, दुकानात हिशोबाला माणूस लागतो, पोरीनं हिशोबाचंच शिक्षण घेतलंय, मग ती जाते कुठे? म्हणजे बघा, पाइप तयार, नळ तयार, जोडायला मी! मी भांडले. मी काय गप्प बसणारी आहे का? मी म्हटलं मला व्यवसाय कळतो, बाजार कळतो, तुमच्यापेक्षा जास्त कळतो. तेव्हा इतका वेळ आमटी भुरकत बसलेले बाबा पहिल्यांदा बोलले. "कॉलेजातून तुला काहीतरी बनवून विकायला सांगितलंय ना? ते बाजारात खपलं तर जा. नाही खपलं तर दुकानात बस."

हा तो प्रकल्प. शेवटच्या सहामाहीत दोघी-दोघींनी एक वस्तू बनवायची, खऱ्या दुकानात ठेवायची, विकायची, आणि लोक ती पुन्हा पुन्हा का घेतात किंवा का घेत नाहीत ते परीक्षकांपुढे मांडायचं. मी बाबांची अट तिथल्या तिथे मंजूर केली, वर स्वतःची एक ठोकली. म्हटलं, घरातल्या कुणीही विकत घ्यायचं नाही. एक नग नाही. मला दयेचा माल खपवायचा नाही, मला बाजार जिंकायचाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. जरा जास्तच पटकन डोलावल्या, हे आत्ता लक्षात येतंय.

माझी जोडीदारीण होती टक्केवारी. तिचं खरं नाव तिच्या आईला तरी आठवतं की नाही देव जाणे, कारण ही बया कशाचेही टक्के काढते. आज मला पासष्ट टक्के झोप आलीय, तो मुलगा चाळीस टक्के बरा आहे, असं. आम्ही ठरवलं, साबण करायचा. कॉफीची भुकटी आणि वाळवलेली लिंबाची साल घालून. नैसर्गिक, हातानं केलेला, त्वचेला तजेला देणारा, असं सगळं वेष्टनावर छापलं. साबण दिसायला विटेसारखा झाला, हाताला खरकागदासारखा लागायचा आणि फेस... फेस येण्याची शक्यता टक्केवारीनं बारा टक्के सांगितली होती. पण मार्केटिंगच्या मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं, दोष लपवायचा नाही, त्याला नाव द्यायचं. आम्ही नाव दिलं, 'घासून उजळवणारा'.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी आमचा साबण काउंटरवर ठेवला, आमच्यावर उपकार म्हणून. सुरुवातीला एकही गेला नाही. लोक यायचे, उचलायचे, वास घ्यायचे, खाली ठेवायचे आणि हात पुसायचे. एक बाई तर म्हणे विचारत होत्या, हा भांड्यांचा आहे का. मला रात्री डोळ्यांपुढे दुकानातले पाइप दिसायला लागले. लांबच लांब पाइप, आणि त्यांच्या टोकाला बसलेली मी, पांढऱ्या केसांची.

आणि मग एकाएकी साबण खपायला लागला! माल ठेवला की गायब. पुन्हा ठेवला, पुन्हा गायब. टक्केवारीनं वाढीचा दर काढायला घेतला, पण आधीचा आकडा शून्य असल्यामुळे तिचं गणित बसेना, ती आनंदानं रडायलाच लागली. किराणावाल्यांना विचारलं, कोण घेतं हो एवढं? तर ते वरच्या फळीकडे बघत म्हणाले, घेतात लोक. मला वाटलं, सापडला! विवेकी ग्राहक सापडला, आपल्याच कोपऱ्यावर राहतो आणि घासून उजळतो! पुस्तकात असतं तसं आम्ही किंमत वाढवून बघितली. किंमत वाढली की मागणी घटते, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मागणी वाढली. पुन्हा किंमत वाढवली. आणखी वाढली. आता इथे कुठल्याही अक्कल असलेल्या मुलीनं थांबून विचार केला असता की नाही? मी केला. मी विचार केला की आपण थोर आहोत.

त्याच सुमारास घरात सगळे खाजवायला लागले.

म्हणजे बाबा दाराच्या चौकटीला पाठ लावून वर-खाली, वर-खाली. मोठे काका पट्टी घेऊन पेपर वाचायचे, एका हातात पेपर, दुसऱ्या हातानं पट्टी सदऱ्यात. आई पोळ्या लाटताना लाटणं मधेच मानेवरून फिरवून घ्यायची. आत्या भर उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली, आणि बसली ती अशी बसली की सोफ्याचीच पाठ खाजवतेय असं वाटावं. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. म्हटलं उकाडा आहे, दोनदा आंघोळ करत जा, अंग स्वच्छ ठेवा, चांगल्या प्रतीचा साबण वापरा. आणि मला अगदी भरून आलं हो, म्हटलं जाऊ दे तो नियम, आपलीच माणसं आहेत. मी माझा स्वतःचा साबण आणून त्यांच्यापुढे धरला, फुकट. चौघांचे चेहरे असे पांढरेफटक पडले. मोठे काका दोन पावलं मागे सरकले. "नको गं बाई, नियम म्हणजे नियम. आपल्या घराण्यात शब्द मोडत नाहीत." मला वाटलं, काय तत्त्वनिष्ठ माणसं आहेत ही!

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक, चष्मा नाकाच्या टोकावर, वैतागलेले, सकाळपासून इतरांच्या मेणबत्त्या आणि कापडी पिशव्या बघून दमलेले. मागच्या बाकावर घरचे येऊन बसले होते, बाबा, आई, मोठे काका, आत्या, ओळीनं. साक्षीला किराणावाले. मी उभी राहिले आणि जे काही बोलले! तक्ते, आलेख, पुन्हा खरेदीचं प्रमाण, ग्राहकाची निष्ठा. परीक्षक जागे झाले. त्यांनी विचारलं, किंमत दोनदा वाढवूनही मागणी वाढली, असं का झालं असावं? मी म्हटलं, प्रतिष्ठेची वस्तू, सर. लोक महाग म्हणून घेतात. ते म्हणाले, असं? मग या ग्राहकाला एकदा भेटायला हवं. आणि किराणावाल्यांकडे वळले.

किराणावाले उठले. त्यांच्या कपाळावर घाम. म्हणाले, सांगता येणार नाही, शब्द दिलाय. परीक्षकांनी विचारलं, कुणाला? "चौघांना, साहेब. चौघांनी वेगवेगळा घेतलाय. एकमेकांनाही कळू द्यायचं नाही म्हणून."

आणि तेवढ्यात मागून एक आवाज यायला लागला... खर्र, खर्र, खर्र. परीक्षकांनी चष्मा वर केला. मी वळून बघितलं. मागच्या बाकावर बाबा बाकाच्या पाठीला पाठ घासत होते, मोठ्या काकांची पट्टी सदऱ्यात होती, आईचा हात मानेवर, आत्याचा बाहीत, सगळे एका तालात, जसं काही कुणी पुढे उभं राहून कवायत घेतंय. मग बाबांनी आईकडे बघितलं, आईनं काकांकडे, काकांनी आत्याकडे. आणि चौघांनाही त्याच क्षणी कळलं, की आपण एकटे नव्हतो.

कुठे राहतो हो तो विवेकी ग्राहक? कुठेही राहत असेल, आमच्या घरात तर नक्कीच नाही! मी सगळ्यांसमोर कडाडले. म्हटलं घेतलात तर घेतलात, पण लावलात कशाला? फेकून द्यायचा, माळ्यावर टाकायचा! तर आई उभी राहिली, भर परीक्षेत, आणि मलाच रागावली. "पैसे टाकून आणलेली वस्तू फेकायची? हे शिकवलंय तुला मी?" म्हणजे घेतला मायेनं, आणि लावला काटकसरीनं! हे कुठल्या प्रकरणात बसवू मी?

टक्केवारी कुजबुजली, शंभर टक्के नापास. परीक्षक मात्र माझ्याकडे बघत होते. शांतपणे म्हणाले, "आता सांगा. ही मागणी आहे का?" तुम्हाला सांगते, त्या क्षणी हो म्हणायचा मोह झाला होता. हो म्हटलं की आकडे माझे, अट पुरी, हॉस्टेल माझं. आणि नाही म्हटलं की पाइप. पण मागे ती माणसं खाजवतायत आणि मी काय आलेख दाखवू? मी म्हटलं, "नाही सर. ही मागणी नाही. मागणी असती तर किंमत वाढल्यावर थांबली असती. आमचा साबण बाजारात एकही खपलेला नाही." परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, वस्तू नापास, विद्यार्थिनी पास, आणि घरच्यांना डॉक्टरकडे न्या.

घरी आल्यावर मी दुकानाच्या किल्ल्या मागितल्या. म्हटलं हरले, बसते उद्यापासून. मला रडायचं नव्हतं, पण आवाजाला कुठे कळतं ते. बाबा पाठीला मलम लावून घेत पालथे पडले होते. उशीतूनच म्हणाले, "अट काय होती? खपला पाहिजे. खपला." मी म्हटलं, अहो पण तुम्हीच सगळ्यांत जास्त घेतलात, किराणावाल्यांनी सांगितलंय मला. तेव्हा त्यांनी मान वळवून मोठे काका खोलीत नाहीत ना ते बघितलं, आणि हळू आवाजात बोलले, "दादापुढे सरळ हो म्हणता येत नव्हतं गं. म्हणून अट घातली. हरायचं मलाच होतं, मग थोडा जोर नको लावायला?"

आता बोला. तीन वर्षं सौदा शिकले मी, देवाणघेवाण, घासाघीस, सगळं. आणि समोरचा गडी स्वतः हरण्यासाठी रोज सकाळी त्या विटेनं अंग घासून घेत होता! किल्ल्या मागायला गेले होते. पाठीला मलम लावत बसले. आईनं विचारलं, दूध बघितलंस का. तेही बघितलं.

तर निघालेच मी शेवटी. परवा सगळे सोडायला आले होते बस स्टँडवर. बाबा सामान वर चढवत होते, आई पाण्याची बाटली देत होती, आत्या कुठला शेअर ते शेवटचं विचारत होती. आणि बस सुटायच्या बेताला मोठे काका, हो, तेच, सर्वोच्च न्यायालय, गुपचूप खिडकीशी आले. मला वाटलं आशीर्वाद देतील. त्यांनी गजातून तोंड आत घातलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तिकडेही काहीतरी बनवून विकायला लावतील ना? नाही, आमचं काही नाही, आम्ही आहोतच. फक्त... खायची वस्तू नाही ना?"

नाही हो काका, म्हटलं मी. आता दुसरं काय म्हणणार? पहिल्याच सहामाहीला 'खाद्यपदार्थ उद्योग' आहे, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?