चाकामागचे दगड

नवी गाडी काढताना तुम्ही नुसत्या लिंबावर भरवसा ठेवता ना, म्हणून सांगतो. अकोल्याच्या घाटात आमच्या जीपचा मागचा एक्सल तुटला. मी भंगारातून दुसऱ्या गाडीचा दणकट एक्सल आणला आणि अंगणातच बसवायला घेतला. मोबाईलवर व्हिडिओ बघून!

शेजारचे रफिकचाचा जन्मभर ट्रकच्या गॅरेजात राबलेले. दोन दिवस येऊन विचारायचे, "जरा वाकून बघू का रं?"

मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही बसा, चहा घ्या."

तिसऱ्या दिवशी गाडी तयार. बायकोनं चाकांपुढं लिंबं ठेवली. जीपच्या मागं बाजेवर आमचे वडील शेंगा फोडत बसलेले. चाचा आले आणि गुपचूप मागच्या चाकांमागं दोन मोठे दगड लावले.

"अहो चाचा, गाडी पुढं न्यायचीय!"

"असू दे. तू घाल गिअर."

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि जीप गचकन मागं! दगडांवर आदळून बंद पडली. वडिलांची बाज तिथून हातभर. लिंबं पुढं तशीच टवटवीत.

एक्सल मी वरची बाजू खाली करून बसवला होता; त्याच्या पोटातलं दातेरी चाक डावीकडचं उजवीकडं गेलं, म्हणून चाकंही उलटी फिरली.

मी उडी मारून खाली उतरलो. "चाचा, कळलं होतं तर बोलला का नाहीत?"

"दोन दिस त्येच बोलाया येत हुतो. तू चहाच पाजत हुतास."

एवढं बोलून सत्तरीचा तो माणूस धुतल्या कपड्यांनिशी जीपखाली शिरला.

तेव्हापासून चाचा दारात आले, की मी चहाचं नंतर बघतो. आधी विचारतो, "चाचा, काय म्हणत होता?"