रंग कोण बघतं?

घोरावाडी स्टेशनच्या बाकावर डान्स क्लासच्या मॅडम आणि ओळखीच्या नसीमभाभी लोकलची वाट बघत होत्या.

“काळ्या आणि आशियाई नाचणाऱ्यांची वेगळी बॅले कंपनी? परदेशात काय काय थेरं चालतात!”

“आठ जणांची होती, मॅडम. आता चाळीस आहेत, स्वतःची शाळाही काढली.”

“काढणारच! रडगाणं गायलं की टाळ्या मिळतात. कलेत रंग कोण बघतं? माझ्या क्लासमध्ये मी कधी बघितला?”

“तिथं नाचाचे बूटसुद्धा ज्याच्या त्याच्या कातडीच्या रंगाचे असतात म्हणे.”

“नखरे नुसते! तुम्हाला कुणी सांगितलं हे सगळं?”

“आमच्या शेजारच्या ओवीनं. ती तिथंच नाचते आता. तुमच्याकडेच शिकली की पाच वर्षं.”

“कोण ओवी? ती मागच्या रांगेतली काळी?”