आप्पानं उडवलेली गोऱ्या सायबाची दांडी

...न्हाय पन मला सांगा, आकडे पाठ असले म्हंजे मानूस काय मोठा व्हतो व्हय? मी जळत न्हाय हां! पन निरवांगीत गेणबाच्या हाटेलात क्रिकेटवरनं वाजलं की निवाडा कोन करायचा? हा संभाजी! रेडिओशेजारची खुर्ची माझी! आन शहाण्णवचा वर्ल्डकप तोंडावर आला, तवा हा रविंद्र बदली होऊन इंदापूरच्या ब्यांकेत आला, आन ऱ्हायाला आमच्या गावात. क्रिकेटचा इतिहासकार म्हनं! पेपरात लिवतो म्हनं! कुनाची शतकं किती, कुठल्या मैदानावर, सगळं तोंडपाठ. झालं! मी तोंड उघडलं की गेणबा म्हनतो, "थांबा संभाजीराव, रविंद्रसायबांना इचारू." गेली खुर्ची! घरी आलो तर आमची द्वारका, जिला ब्याट कुठल्या बाजूनं धरत्यात ठावं न्हाय, ती बी म्हनती, "भावजींचं ऐकत जावा की जरा!" भावजी!! मी जळत न्हाय हां!

म्हटलं, थांब लेका, तुला असं इचारतो की ज्येचं उत्तर कुठंच न्हाय. भर हाटेलात बोललो, "ओ इतिहासकार, माझ्या आज्यानं, आप्पानं, इंग्रजाच्या काळात बारामतीला गोऱ्या सायबाची दांडी उडवली व्हती... ठावं हाय का?" साफ थाप! आप्पाचा जलम बैलांमागं गेला, चेंडू कसला बघतोय! रविंद्र मऊ आवाजात म्हनला, "नोंद न्हाय सापडत, संभाजीराव. बघितलेलं कुनी हाय का?" जिंकलो की न्हाय? तेवढ्यात कोपऱ्यातनं दत्तोबा, नव्वदीचं म्हातारं, काठी टेकत उठलं, "व्हय व्हय! म्या बघितलं की! सायेब रडला व्हता!"

आता बोला! मग गावातल्या एकेका म्हाताऱ्याला आठवाया लागलं... एक म्हनं आप्पा डावरा, एक म्हनं उजवा, मारामारी व्हायची बाकी! रविंद्रनं छापलं, "पुरावा नाही, पण गावातली जाणती माणसं सांगतात." गाव येडं झालं! आप्पाच्या नावानं चषक ठेवला, बारामतीपासनं टीमा आल्या, स्टेजवर आप्पाचा फोटो, त्येला हार, आन प्रमुख पाहुन्याच्या खुर्चीत कोन? रविंद्र! खरं सांगितलं तर आप्पाची अब्रू जाती... मी बी टाळ्या वाजवल्या. तर माईकवर पुकारा, "आप्पांच्या नातवाच्या हस्ते इतिहासकारांचा सत्कार!"

आज्जा माझा, थाप माझी, आन शाल त्येला! मीच घातली, ह्याच हातांनी. मी जळत न्हाय हां! तर ह्यो वाकून माझ्या कानात म्हनतो, "संभाजीराव, तेवढं आप्पा डावरे का उजवे, पक्कं सांगा. पुस्तकात घ्यायचंय."

काय सांगनार, सांगा!... म्हनलो, "डावरे."