कोठीच्या उपचारगृहातून नवऱ्याला उचलून नेल्याबद्दल

मी, सत्यवती मुकुंदराव देशपांडे, वय ३८, धंदा घरकाम, राहणार काचीगुडा, हैदराबाद, पोलीस चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे पती अदालतीत मुन्शी आहेत. पोलीस ॲक्शननंतर नव्या सरकारने जुन्या नोकरांची वैद्यकीय तपासणी लावली. त्यात डॉक्टरांनी, "एवढ्या वजनाने नोकरी निभणार नाही," असा शेरा मारला. त्या धास्तीने पती कोठी मोहल्ल्यातील निसर्गोपचारवाले नामदेवराव यांच्या उपचारगृहात जाऊन राहिले. तिथे लिंबूपाणी आणि मोसंबीचा रस, एवढेच देत.

वजन झपाट्याने उतरले. लोक मला मुबारक म्हणत. संक्रांतीला भेटायला गेले तेव्हा पतींना बसल्या जागेवरून उठवेना. दंड, मांड्या वाळल्या होत्या. तांब्या दोन्ही हातांनी धरत होते.

मी सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाई पद्मावती यांना विचारले. त्या म्हणाल्या, "चरबी जाऊ द्या, पण यांचं मांसही जळतंय. हृदय मांसाचंच असतं, बाई. कमी खावं, पण साय काढलेलं दूध, दही, डाळ हवीच."

मी साय काढलेल्या दुधाचे दही नेले. नामदेवरावांनी दारातूनच परत पाठवले. म्हणाले, "एक घास गेला तर सगळा उपचार वाया." पतीही आतून ओरडले, "तू मध्ये पडू नकोस. नोकरी गेली तर पोरींना काय घालशील?"

काल सकाळी दीर एकनाथराव यांना घेऊन गेले. पती खाटेवर पडून होते. नाडी अडखळत होती. नामदेवराव दारात आडवे आले. दिरांनी त्यांना बाजूला लोटले, ही गोष्ट खरी आहे. मारहाण झाली नाही. मी म्हणाले, "भाऊजी, उचला." पतींनी माझा हात झटकू पाहिला. झटकता आला नाही. "अजून थोडंच राहिलंय गं," एवढे म्हणाले.

टांग्यातून दवाखान्यात नेले. जीव वाचेल, पण चालतील केव्हा ते सांगता येत नाही, असे तेथील डॉक्टर म्हणतात. पती माझ्याशी बोलत नाहीत. चमच्याने दही दिले तर गिळतात.

पतींची संमती होती काय, असे विचारल्यावरून सांगते की, नव्हती.

जबाब उर्दूत लिहून जमादारांनी मला मराठीत ऐकवला. शेवटचे वाक्य तुमच्याविरुद्ध जाईल, खोडू का, असे त्यांनी विचारले. खोडू नका, असे मी सांगितले. मी बोलले तसाच आहे, म्हणून सही करते.

सत्यवती मुकुंदराव देशपांडे